उजव्या हाताचा कान

हौदातलं पाणी दुधाची भुकटी घालून पांढरं केलेलं असतं, म्हणजे बुडालेला ओटा उंदराला दिसू नये.

जस्ताचा पातळ थर दिला की लोखंडी पत्रा गंजत नाही.

मेंढराच्या कानाला खाच पाडताना त्याचं तोंड आपल्याकडे घ्यायचं.

रोज एक गोळी, जेवणानंतर. उपाशीपोटी घेतल्यास मळमळ होऊ शकते.

उजवा कान : नऊ सेकंद. डावा कान : एकतीस सेकंद.

मांडव, चारशे खुर्च्या, सोमवारी अकरा वाजता.

"आण्णांनी आज लोकाचं मेंढरू आपलं म्हणून खांद्यावर घेतलं. भांडण झालं. तू येशील का?"

*

यातला शेवटचा निरोप गुरुवारी सकाळी मायाक्काच्या फोनवर आला. पाठवला होता तिच्या वहिनीने, तानूबाईने. आण्णा म्हणजे मायाक्काचा थोरला भाऊ, सिदाप्पा. आटपाडीच्या पलीकडे माळावर त्याची दीडशे मेंढरं होती आणि दीडशेच्या दीडशे तो तोंडावरून ओळखायचा. सरकारने प्रत्येक मेंढराच्या कानात तांदळाएवढी चिप बसवली त्या वर्षी त्याने ती वाचायचं यंत्र तानूबाईच्या हातात दिलं आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही.

मायाक्काने निरोप दोनदा वाचला. उत्तर लिहायच्या आत केतन तिला बोलवायला आला.

मायाक्का कामाला होती त्या संशोधन संस्थेत केतन कॅमेरे सांभाळायचा. सोमवारी आठवणीच्या गोळीचं वाटप सुरू होणार होतं, त्या उद्घाटनासाठी त्याला दोन मिनिटांची फिल्म करायची होती. तीत प्राणीघराची मावशी हातात पांढरा उंदीर घेऊन हौदापाशी उभी राहणार होती.

मायाक्का सात वर्षं प्राणीघरात होती, पण हौदाच्या खोलीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथे माणसाला बंदीच होती. हौदाशी रोज एकाच जागी माणूस उभा राहिला तर उंदीर त्या माणसाकडे बघून दिशा शोधतो, मग त्याची आठवण तपासली असं म्हणता येत नाही. म्हणून मायाक्का भिंतीतल्या सरकत्या फळीतून उंदीर आत सोडायची. पुढचं सगळं छतावरचा कॅमेरा बघायचा. उंदीर कुठला, बुडालेला ओटा त्याला किती सेकंदांत सापडला, याची नोंदही तोच करायचा.

"मावशी, जरा हसा ना. उंदीर बघा कसा हसतोय."

"त्याचं दात चांगलं हायत, दाखवतोय. माझं झाकलेलंच बरं."

केतन हसला. त्याने पडदा सुरू केला. मायाक्काने उंदीर हौदावर धरला आणि मान वर करून पाहिलं. पडद्यावर उंदीर वरून दिसत होता. त्याच्या कानाभोवती हिरवी चौकट आली आणि चौकटीखाली शब्द उमटला : डावा.

"ह्यो उजवा हाय," मायाक्का म्हणाली.

"डावाच आहे मावशी. तुम्ही त्याच्या समोर उभ्या आहात ना, म्हणून उलटं वाटतंय. कॅमेरा त्याच्या पाठीवरून बघतो." केतन दिव्याची उंची बदलायला वळला. "चला, आता खांदे सैल सोडा."

मायाक्काने खांदे सैल सोडले. हातातला उंदीर किंचाळला. तिने त्याला फार घट्ट धरलं होतं.

*

आता जस्ताविषयी.

मेंदूच्या आतल्या भागात, आठवणी जिथे बसतात तिथे, मज्जातंतूंच्या टोकांना बारीक पिशव्या असतात. त्यांतल्या काहींत जस्त असतं. एका पेशीने दुसरीला निरोप दिला की त्या निरोपाबरोबर चिमूटभर जस्तही बाहेर पडतं. कुठला निरोप टिकवायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे ठरण्यात त्याचा हात असतो. अन्नात जस्त कमी पडलं तर प्राणी विसरभोळा होतो. डॉ. नूतन इनामदारांनी पुढचा प्रश्न विचारला : मग जास्त दिलं तर? त्यांनी मेंदूपर्यंत सहज पोचणारा जस्ताचा एक क्षार बनवला आणि म्हाताऱ्या उंदरांना पाजला.

दर पिंजऱ्यात दोन उंदीर ठेवले होते. एकाच्या उजव्या कानाला खाच, दुसऱ्याच्या डाव्या. उजव्याला निळ्या बुचाच्या बाटलीतलं औषध, डाव्याला पांढऱ्या बुचाच्या बाटलीतलं. निळ्यात जस्त होतं आणि पांढऱ्यात नुसतं पाणी, पण पाजणाऱ्या मायाक्काला तेव्हा ते माहीत नव्हतं, माहीत असायचंही नव्हतं. चार महिन्यांनी नोंदी उघडल्या. उजव्या कानाच्या उंदरांना बुडालेला ओटा नऊ सेकंदांत सापडत होता, डाव्यांना एकतीस. हौद नवा बांधलेला, त्यामुळे ताडून बघायला जुने आकडे नव्हते. इनामदारांनी त्या दिवशी प्राणीघरात पेढे वाटले होते.

खाचा मायाक्काने पाडल्या होत्या, औषधही तिनेच पाजलं होतं. उंदराची मानगूट धरायची, पोट आणि तोंड आपल्याकडे, मग वाकडी नळी जिभेवरून आत. तिचे वडील आणि आण्णा मेंढराचा कान असाच कापायचे. समोर उभं राहून, तोंड आपल्याकडे घेऊन. आपल्या उजव्या हाताला येतो तो उजवा कान. मेंढपाळांच्या त्यांच्या सगळ्या वाड्यात हीच रीत होती आणि तिच्यामुळे कधी गोंधळ झाला नव्हता, कारण तिथे सगळेच मेंढराच्या समोर उभे असत.

भिंतीवरच्या तक्त्यात उंदीर पाठीवरून काढला होता, नाक वर. मायाक्काने तो तक्ता सात वर्षं रोज पाहिला होता.

म्हणजे जस्त प्यायले ते कॅमेऱ्याचे डावे उंदीर. एकतीस सेकंद गोल गोल पोहत राहिलेले.

*

मग मेंदू तपासले तेव्हा कसं कळलं नाही?

शेवटी उंदीर मारून मेंदूतलं जस्त मोजलं होतं. उजव्यांच्या कुप्यांत जास्त, डाव्यांच्या कुप्यांत कमी. अगदी हवं तसं. मेंदूचे तुकडे कुप्यांत भरून त्यांवर चिठ्ठ्या लावणारी मायाक्काच होती. तिने उंदीर टेबलावर उताणा ठेवला होता, तोंड आपल्याकडे.

*

शुक्रवारी ती माळावर गेली.

संस्थेने गेल्या वर्षी तीनशे स्वयंसेवक घेतले होते. निम्म्यांना जस्ताची गोळी, निम्म्यांना पिठाची, आणि कुणाला कुठली ते डबी वाटणाऱ्यालाही ठाऊक नाही. ती यादी डिसेंबरात उघडायची होती. तेवढं थांबायचं नाही असं वर कुणीतरी ठरवलं आणि तीन जिल्ह्यांतल्या चाळीस हजार माणसांसाठी गोळ्यांचे खोके येऊन पडले. सोमवारी अकराला वाटप सुरू होणार होतं.

तीनशेंमधला एक्याऐंशी नंबर सिदाप्पाचा होता. अर्ज मायाक्काने भरला होता.

तो मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीपाशी उकिडवा बसला होता. समोरून जाणारं प्रत्येक मेंढरू हाताने थांबवायचा, कान चाचपायचा, मग सोडायचा. मायाक्का बराच वेळ लांबूनच बघत राहिली. आण्णाला तिने आयुष्यात कधी कान चाचपताना पाहिलं नव्हतं. कानाची खूण भांडण मिटवायला असते, आपली मेंढरं ओळखायला लागत नाही.

"कवा आलीस गं माये?"

"आत्ताच. काय चाललंय?"

"काय न्हाय. गोचिड्या झाल्यात का बघत हुतो."

तानूबाई चुलीपाशी होती, तिने तिथूनच सुनावलं, "गोचिड्या म्हणं! यंत्र देते म्हटलं तर अंगावर येतंय हे माणूस."

"त्या डबड्याला मेंढराचं नाव म्हाईत हाय का?"

"तुमाला तरी हाय का आता?"

सिदाप्पाने पुढचं मेंढरू थांबवलं. तानूबाईने भाकरी थापायची थांबवली. आपण जरा जास्तच बोललो हे तिलाही कळलं असावं, कारण तिने उगाचच लाकूड पुढे सारलं.

"आण्णा, गोळी किती घेतोस?" मायाक्काने विचारलं.

"दोन."

"एक सांगितलीय ना?"

"एकीनं भागंना. तुझ्या उंदरांना गुण आला तर मला का येऊ नये? महिना झाला, सकाळी एक, सांजला एक. तोंडाला पत्र्याची चव येती, पर घेतो."

पत्र्याची चव. जस्ताची चव तशीच लागते, हे तिला इनामदारांनीच कधीतरी सांगितलं होतं.

डबी घोंगडीच्या घडीत होती. ती कनवटीला लावावी, आण्णाला म्हणावं डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीय, आणि पाचच्या गाडीने परत जावं. येताना एसटीत तिने हेच ठरवलं होतं. कुणाला काही कळलं नसतं. आण्णा सुटला असता, तिची नोकरीही राहिली असती.

तिने डबी घेतली. पण मग आण्णाने विचारलं, "का गं?" आणि तिला खोटं बोलता आलं नाही. कान, कॅमेरा, निळं बूच, सगळं तिने सांगून टाकलं.

सिदाप्पाने सगळं ऐकून घेतलं. मग हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला.

"म्हंजी मी शिकवलं तसंच केलंस की तू."

"हसतोस काय आण्णा!"

"मग रडू व्हय? चूक माझी न् नोकरी तुझी जायची." त्याने डोळे पुसले. "गोळी बंद केली की येतंय का माघारी?"

"येतं. जस्त अंगातनं निघून जातं."

"बरं झालं. मला वाटलं, माझं डोस्कंच गेलं." तो एकदम हलका झालेला दिसला. जाळीला टेकून पाय पसरून बसला. "कुणाला बोललो न्हाय मी, माये. हिलाबी न्हाय. सकाळी उठलो की आधी मेंढरांची तोंडं बघतो. समदी सारखीच दिसत्यात. गोळीनं हुतंय म्हटल्यावर आता काय भ्या न्हाय."

मायाक्काने मान हलवली.

"आन् त्या चाळीस हजारांचं काय?" सिदाप्पाने विचारलं.

*

शनिवार.

९.१० : डॉ. इनामदारांच्या खोलीत मायाक्का उभी. इनामदार फोनवर. "हो, पाण्याच्या बाटल्या व्यासपीठावर नकोत, खाली ठेवा." बस म्हणून हाताने खूण. मायाक्का बसत नाही.

९.१८ : सांगून झालं.

९.१९ : "आणखी कुणाला बोललीस?" "भावाला." "केतनला?" "न्हाय."

९.२१ : "माया, मेंदूतलं जस्त बरोबर आलं होतं. उजव्यात जास्त. मी स्वतः पाहिलंय." "कुप्या म्याच भरल्या मॅडम."

९.२२ : इनामदार खुर्ची मागे सारून उठतात. "चल."

९.३० : प्राणीघर. नव्या तुकडीचे सहा उंदीर, मायाक्कानेच खाचा पाडून तीच औषधं पाजलेले. या वेळी उंदीर इनामदार स्वतः धरतात, टेबलावर पालथा, नाक पुढे, तक्त्यातल्यासारखा. शेपटीतून रक्ताचा थेंब. उजवे तीन, डावे तीन. कुप्यांवर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठ्या.

९.४० : यंत्र सुरू. चाळीस मिनिटं लागतात.

९.५१ : "तुझं शिक्षण किती गं?" "बारावी." "नोंदी तूच सगळ्यांत नीट ठेवतेस. मी सगळ्यांना सांगते."

९.५८ : बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज. लोखंडी खुर्च्या उतरवतायत.

१०.०५ : "जास्त जस्तानं आठवण का जाती, मॅडम?" इनामदार यंत्रावरून नजर न काढता सांगतात. पोटात जस्ताला आणि तांब्याला आत यायचा दरवाजा जवळजवळ एकच. जस्ताची गर्दी झाली की तांबं बाहेर राहतं. तांब्याशिवाय मज्जातंतूंना धड काम करता येत नाही. "हे मला माहीत होतं," त्या म्हणतात. "वीस वर्षांपासून माहीत होतं. नऊ सेकंद दिसले आणि मी ते बाजूला ठेवलं."

१०.२० : उजवे : कमी, कमी, कमी. डावे : जास्त, जास्त, जास्त.

*

इनामदारांनी कागद यंत्रातून ओढून घेतला, घडी केली, पुन्हा उघडला.

"तुला कळतंय का, माया? माझी अकरा वर्षं गेली."

"व्हय."

"हे वर कळवल्यावर पहिला प्रश्न येईल, खाचा कुणी पाडल्या. मला तुझं नाव सांगावं लागेल."

"सांगा."

"चिडत का नाहीस माझ्यावर? तक्ता कसा वाचायचा ते मी तुला कधी दाखवलं नाही. तू मेंढरांतली, तुला जनावर धरता येतं, एवढ्यावर मी तुला घेतलं होतं."

"चिडून काय करू मॅडम? माझा भाऊ खातोय ती गोळी. रोज दोन." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमी फोन करा. आता करा. न्हायतर मी भाईर जाऊन त्या खुर्च्यावाल्याला सांगते, मागं ने म्हणून."

इनामदारांनी तिच्याकडे पाहिलं. या संस्थेत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी फोन उचलला.

पहिल्या माणसाने विचारलं, सोमवार होऊ द्या, मग बघू, असं नाही का करता येणार? दुसऱ्याने विचारलं, सहाच उंदीर ना? तिसरा शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, लेखी द्या. इनामदारांनी तिथेच बसून लिहिलं. मायाक्काने खाली सही केली. मराठीत, पूर्ण नाव, तारखेसह.

पाऊण वाजता केतन धावत आला. "मॅडम, मांडववाला म्हणतोय कार्यक्रम रद्द झाला. कुणीतरी चेष्टा करतंय का?"

"नाही," इनामदार म्हणाल्या. "आणि ती फिल्म पुसून टाक."

"पण मावशी काय छान आल्यात तिच्यात!"

*

पुढचं थोडक्यात. गोळ्यांचे खोके सीलबंद झाले. तीनशे स्वयंसेवकांना गोळी बंद करा असा निरोप गेला आणि तांब्याचं औषध घरपोच मिळालं. यादी डिसेंबरपर्यंत न थांबता उघडायचं ठरलं, म्हणजे ज्यांना जस्त गेलं त्यांच्यावर नीट लक्ष ठेवता येईल. इनामदारांना चौकशीसाठी पुण्याला बोलावलं. मायाक्काचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. निरोपाच्या दिवशी केतनने तिला भिंतीवरच्या तक्त्याची घडी करून दिली. त्याच्या मते ही चेष्टा होती. ती हसली, मग त्यालाच रडू आलं आणि तिला त्याची समजूत काढावी लागली.

ती माळावर राहायला आली. आण्णाबरोबर मेंढरांमागे जाऊ लागली.

सिदाप्पा आता खुशीत असायचा. चुकला तर स्वतःच सांगायचा, "जस्त हाय अजून, जस्त!" परवा त्याने शेजारच्या वाड्यातल्या माणसाला दोनदा त्याचं नाव विचारलं, आणि तो चिडला तेव्हा उंदरांची गोष्ट रंगवून सांगितली. माणूसही हसला. तानूबाईने चिपचं यंत्र पेटीत टाकून कुलूप लावलं. आता त्याची गरज नाही, ती म्हणाली, थोड्याच दिवसांची बाब आहे.

अशाच एका शनिवारी संध्याकाळी कळप परत आला. सिदाप्पा जाळीपाशी बसला. एक काळ्या तोंडाची मेंढी त्याच्यापुढे येऊन थांबली. कानाला हात न लावता तो तिच्याकडे बघत राहिला. कपाळावर घाम आला, ओठ हलले.

"ही... ही नथडी. व्हय का न्हाय?"

नथडी चार पावलं मागे होती. ही वेगळीच होती, याच वर्षी पहिल्यांदा व्यालेली.

"व्हय," मायाक्का म्हणाली.

"बघ!" त्याने मांडीवर थाप मारली. "येतंय! मी म्हणलं न्हवतं? आता किती दिस?"

"तीन म्हयनं. तांबं भरलं की येतं समदं."

"तीन म्हयनं काय, असं जातील." त्याने मेंढीच्या पाठीवर हात फिरवला आणि तिला आत सोडलं. "जा, नथडे."

स्वयंसेवकांची यादी उघडली आणि मायाक्काच्या फोनवर तसा निरोप आला तो त्याच्या चार दिवस आधी, मंगळवारी दुपारी. एक्याऐंशी नंबरच्या डबीत पहिल्या दिवसापासून मक्याचं पीठ होतं.